पुढची बाग, मागचा परस

नवा बंगला बांधलेली किंवा तळमजल्याचा फ्लॅट घेतलेली माणसं आमच्या नर्सरीत येतात, चार रोपं उलटीपालटी करून बघतात आणि मग ठरलेला प्रश्न विचारतात, "ताई, हे आम्हीच करू का माणूस लावू?" त्याच्या पाठोपाठ एक खंतही ठरलेली असते. पूर्वी म्हणे लोक सगळं स्वतः करायचे, आता जो तो कंत्राट देतो. प्रश्नाचं उत्तर मी जागा बघून देते. त्या खंतीशी मात्र मी भांडते. पुण्यात ज्याला बाग म्हणत, ती मालकानं स्वतः केली असं जुन्या काळात फारसं सापडत नाही. बाग म्हटली की माळी आलाच. स्वतःच्या हातानं जे व्हायचं ते घराच्या मागच्या बाजूला, आणि त्याला कुणी बाग म्हणत नसे.

आमचं घराणं फुलमाळ्यांचं. आजोबा कॅम्पातल्या एका बंगल्यावर माळी होते, वडिलांनी सोलापूर रस्त्याला नर्सरी टाकली, आणि मी रोपं विकते तशी लँडस्केपची कामंही घेते. तेव्हा या विषयात मी तटस्थ आहे असं कुणी समजू नये.

पेशव्यांच्या पुण्यापासून सुरुवात करायची तर आधी पाणी बघावं लागतं. नानासाहेबांच्या काळात, अठराव्या शतकाच्या मध्याला, कात्रजच्या तळ्याचं पाणी बांधीव नळातून शहरात आलं आणि वाड्यावाड्यांतल्या, पेठापेठांतल्या हौदांत पडू लागलं. पुढे शनिवारवाड्यात सोळा पाकळ्यांच्या कमळाचं हजारी कारंजं उडालं. आंबील ओढा अडवून पर्वतीच्या पायथ्याशी तळं केलं, तळ्यातल्या बेटावर सारसबाग झाली, काठावर हिराबाग. या बागा बसायच्या, मिरवायच्या, पाहुण्याला दाखवायच्या. तिथं खुरपं धरणारा हात माळ्याचा होता आणि तो पिढीजात होता. जोतीराव फुल्यांचं घराणं मूळचं साताऱ्याकडच्या कटगुणचं, आडनाव गोऱ्हे. पुण्यात येऊन त्यांनी पेशव्यांकडे फुलं पुरवायला सुरुवात केली, इनाम जमीन मिळवली आणि लोक त्यांना फुले म्हणू लागले. फुलं पुरवणं हा तेव्हा व्यवसाय होता, त्यात ठेका होता, वेळेवर माल पोचवण्याची जबाबदारी होती. आज मला एखादी सोसायटी वर्षाचा मेंटेनन्स देते, त्याहून ते फार वेगळं असेल असं मला वाटत नाही.

आता याच पुण्यातल्या वाड्याच्या मागच्या दारानं बाहेर या. विहीर किंवा हौद, शेजारी न्हाणीघर, गोठा असला तर गोठा. न्हाणीचं सांडपाणी पन्हाळीतून जिथं पडतं तिथं केळ, अळू आणि कर्दळ. न्हाणीच्या छपरावर दोडक्याचा नाहीतर घेवड्याचा वेल. कडेला कढीलिंब, शेवगा, लिंबू. दगडाच्या आडोशाला गवती चहा आणि ओवा. देवासाठी जास्वंद, प्राजक्त, तुळस. हे सगळं घरातल्या बायका करत. कुणी शिकवलेलं नसे, कुणी पगार देत नसे, आणि रोप विकत तर कुणीच आणत नसे. माहेरून फांदी यायची, शेजारणीकडून कंद यायचा. चुलीची राख, भाज्यांची देठं, गोठ्यातलं शेण तिथंच जिरायचं. पाण्याचा एक थेंब जादा लागायचा नाही, कारण सगळं काही वापरून झालेल्या पाण्यावर वाढायचं. पुढच्या बागेला मोट लागायची, माळी लागायचा. मागच्या परसाला दोन वेळची भांडी घासली की भागायचं.

स्वतः करायचं की माणूस लावायचा, याचं उत्तर पुण्यानं असं कधीच देऊन ठेवलं होतं. दिसण्यासाठी जे लावायचं ते माळ्यानं, खाण्यापुजण्यासाठी जे लावायचं ते बाईनं. हे कुणी ठरवलं नाही, पण मोडलंही नाही.

इंग्रज आले आणि पुढची बाजू फुगली. कॅम्पातल्या बंगल्याचं आवार एकराच्या हिशेबात असे. तिथं मोटरीच्या आधीच्या काळातला बग्गी वळवायचा गोल रस्ता, मधे हिरवळ, कडेला मोसमी फुलांचे वाफे, व्हरांड्यात नेच्यांच्या आणि क्रोटनच्या कुंड्या. पश्चिम भारताची कृषी-उद्यान संस्था, म्हणजे ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी, 1830 मध्येच निघाली होती. मुंबईची राणीची बाग याच संस्थेच्या खटपटीतून उभी राहिली आणि 1862 मध्ये खुली झाली. पुण्यात जे सोल्जर्स गार्डन होतं ते व्हिक्टोरिया हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्यावर एम्प्रेस गार्डन झालं, आणि तेही या संस्थेकडे आलं. आजही ती संस्था तिथं जानेवारीच्या शेवटी फुलांचं प्रदर्शन भरवते. जानेवारीच का? फ्लॉक्स, पेटुनिया, ॲस्टर, डॅलिया ही सगळी थंड हवेत फुलणारी लेकरं. पाऊस ओसरल्यावर बी टाकायचं, दिवाळीच्या सुमाराला रोपं वाफ्यात, आणि पुण्याच्या थंडीत ती ऐन भरात येतात. मार्चचं ऊन लागलं की संपलं. बी पूर्वी विलायतेहून हवाबंद डब्यांतून यायचं. 1884 मध्ये पेस्तनजी पोचांचं बियाण्याचं दुकान पुण्यातच सुरू झालं, आणि आमच्या आजोबांच्या तोंडी 'पोचाचं बी' हे शब्द चांगल्या मालाची खूण म्हणून कायम असत.

साहेबाला बागेचं फार वेड होतं असं पुस्तकांतून दिसतं. पुस्तकं खूप निघाली. पुण्यात गणेशखिंडीला 1873 मध्ये सरकारी वनस्पती उद्यान झालं, त्याचे अधीक्षक जी. मार्शल वुड्रो यांचं 'गार्डनिंग इन इंडिया' आवृत्त्यांवर आवृत्त्या खपलं. अशी पुस्तकं साहेबानं आणि मडमेनं वाचायची आणि माळ्याकडून करून घ्यायचं, असा सगळा मामला. साहेबाचा हात मातीला लागायचा तो हौसेपुरता. शिवाय त्याची दर दोन-तीन वर्षांनी बदली. नवा साहेब यायचा, जुनं पुस्तक नव्या कपाटात जायचं. माळी मात्र तिथंच. कोणत्या कोपऱ्यात पावसाचं पाणी साचतं, कुठल्या आंब्याला एक वर्षाआड फळ, कुठल्या भिंतीच्या कडेला वाळवी, हे बंगल्यात एकाच माणसाला माहीत असायचं आणि त्याला इंग्रजी वाचता येत नसे. सकाळी तो डाली घेऊन पायरीशी उभा राहायचा: भाजी, फुलं, चार फळं. मालकाला आपल्या बागेची जी काय बातमी मिळायची ती त्या डालीतून.

वुड्रोंचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगते. 1889 मध्ये अमेरिकेच्या शेती खात्यानं पुण्याहून आंब्याची कलमं मागवली, ती वुड्रोंनी पाठवली. बोटीचा लांबचा प्रवास, तिथली थंडी. फ्लोरिडात एल्ब्रिज गेल नावाच्या प्राध्यापकाच्या बागेत त्यातलं मलगोब्याचं एक झाड तगलं. त्या झाडाच्या कोयीपासून पुढे 'हेडन' ही जात झाली, आणि आज अमेरिका खंडात जे लालबुंद गालांचे आंबे विकले जातात त्यांतल्या कितीतरी जातींची आजी हेडन. वुड्रोंचं नाव नोंदलेलं आहे, गेलचं आहे, हेडनचं तर फळावरच आहे. ती कलमं ज्या माळ्यांनी बांधली त्यांची नावं कुठं वाचायला मिळत नाहीत. भेटकलम करायला दोन जिवंत फांद्यांची साल बरोबर सारखी तासून एकमेकींना बांधावी लागते, आणि सांधा जुळेपर्यंत कुंडीतल्या रोपट्याला झाडाच्या फांदीशेजारी माचीवर पाणी द्यावं लागतं. वडिलांनी मला ते शिकवलं तेव्हा पहिल्यांदा सुरी हातात दिली नव्हती. नुसतं पाणी घालायला लावलं होतं.

हिरवळीबद्दल बोलल्याशिवाय पुढे जाता येत नाही, कारण आजही निम्मी भांडणं तिच्यावरूनच होतात. साहेबाच्या हिरवळीचं गवत कुठलं? हरळी. तीच, जी दख्खनच्या काळ्या रानात शेतकऱ्याचा जीव घेते. हरळीनं धरलेलं रान साफ करायचं म्हणजे उन्हाळ्यात कुदळीनं ढेकळं पालथी घालायची आणि काशा वेचून वाळवायच्या. एक काशी राहिली तरी मृगाला पुन्हा हजर. आमचे पणजोबा गावाकडे हरळी खणून काढायचे आणि आजोबा कॅम्पात तीच हरळी लावायचे. काशांचे तुकडे करायचे, शेण-माती-पाण्याच्या काल्यात कालवायचे आणि सपाट केलेल्या जमिनीवर लेप द्यायचा. मग रोज पाणी आणि बैलाच्या किंवा माणसांच्या ताकदीवर ओढायचा रोलर. गणपतीला जिच्या दूर्वा तीच ही. आजी म्हणायची, साहेब रानातलं तण पगार देऊन पोसतो. मला विचाराल तर हिरवळ ही स्वतः करायची गोष्टच नव्हे. ती रोजचं पाणी, आठवड्याची कापणी आणि पावसाळ्यातली निंदणी मागते. ज्यांच्याकडे पगारी माणूस होता अशा लोकांनी ती आणली, आणि माणूस नसलेल्या लोकांनी ती उचलली. पाचशे चौरस फुटांची हिरवळ हवी असणाऱ्या गिऱ्हाइकाला मी आधी नळाला पाणी किती वाजता येतं ते विचारते.

1920 नंतर डेक्कन जिमखाना, प्रभात रस्ता या बाजूला मराठी मध्यमवर्गाचे बंगले उठले आणि एकाच प्लॉटवर दोन्ही रिवाज शेजारी आले. फाटकावर मधुमालती नाहीतर बोगनवेल, पुढे चार क्रोटन, गुलाबाचे वाफे, जमलं तर हिरवळीचा रुमाल: ही कॅम्पाची नक्कल. मागे नारळ, केळ, कढीलिंब, अळू: हा पेठेतला परस बैलगाडीत घालून आणलेला. पुढे आठवड्यातून दोनदा येणारा माळी, मागे घरची बाई. माळ्यानं मागच्या अळूला हात लावलेला तिला चालत नसे.

आणि याच काळात तिसरा माणूस आला. हा पेन्शनीतला प्राध्यापक, बँकेतला अधिकारी, कधी डॉक्टर. सकाळी कानटोपी घालून गुलाबाचे डोळे भरणारा. पुढे टिळक स्मारक मंदिरात गुलाबांची प्रदर्शनं भरू लागली तिथं हे लोक एकमेकांना जातींची इंग्रजी नावं सांगत. पुण्यात 'स्वतः बाग करणं' म्हणून जे आपण आज जुनं समजतो ते यांच्यापासूनचं आहे, आणि त्याला शंभर वर्षंही झालेली नाहीत. मला या माणसांबद्दल आदर आहे. वडिलांच्या नर्सरीची पहिली चोखंदळ गिऱ्हाइकं तीच होती, आणि त्यांच्याकडून वडील खतांचं रसायन शिकले. पण एक गोष्ट बोलून टाकते. तेच खुरपं आजोबांच्या हातात असताना ते जातीचं काम होतं आणि प्राध्यापकांच्या हातात गेल्यावर छंद झालं. आजोबांनी वाढवलेल्या डॅलियाला बक्षीस मिळालं तेव्हा कप बंगल्याच्या दिवाणखान्यात गेला. प्राध्यापकांचा कप प्राध्यापकांच्याच कपाटात राहिला. हातानं काम करणाऱ्याला श्रेय मिळण्याचा रिवाज सुरू झाला तो असा, हात बदलल्यावर.

पानशेतचा पूर 12 जुलै 1961 चा. नदीकाठचे वाडे गेले आणि त्यांच्यामागचे परसही गेले. पूरग्रस्तांना नव्या वसाहतींत जागा मिळाल्या तिथं माती मुरमाड, पाणी टँकरचं, तरी वर्षा-दोन वर्षांत दारोदार कर्दळी आणि कढीलिंब उभे राहिले. माळी लावण्याची ऐपत तिथं कुणाचीच नव्हती आणि गरजही पडली नाही.

नर्सऱ्यांचा पट्टा सोलापूर रस्त्यालाच का, हे मला बरेच जण विचारतात. उत्तर पुन्हा पाण्याचं आहे. 1879 च्या सुमाराला खडकवासल्याचं धरण झालं आणि मुठेचा उजवा कालवा कॅम्पाच्या अंगानं हडपसर, मांजरी, लोणी, उरुळीकडे गेला. त्या धरणाच्या कामात जोतीराव फुल्यांनी कंत्राटदारी केली होती आणि मांजरीला त्यांची शेतजमीन होती. 1883 च्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये बंधारे-तलावांबद्दल ते इतकं नेमकं लिहितात, ते कामाच्या जागेवर उभं राहिलेल्या माणसाचं लिहिणं आहे. कालव्याखाली आधी ऊस आणि भाजी झाली, मग फुलशेती, मग शहर वाढू लागल्यावर रोपवाटिका. ज्या माळ्यांच्या पोरांनी बंगल्यावरची नोकरी सोडली त्यांना इथं स्वतःची पाटी लावता आली. वडिलांनी पाटीवर 'प्रोप्रायटर' लिहून घेतलं होतं. आजोबांना ते वाचता येत नव्हतं, पण रंगाऱ्याला चहा त्यांनीच पाजला.

मग बंगले पडू लागले आणि इमारती उठल्या. माझ्या धंद्याची भाषा बदलली ती तिथं. आता बाग जमिनीवर नसते, पार्किंगच्या स्लॅबवर असते. तिला पोडियम म्हणतात. फूटभर जाडीची ओली माती चौरस फुटाला पन्नास किलोच्या आसपास भरते. तिच्याखाली वॉटरप्रूफिंग, त्यावर पाणी वाहून नेणारे ड्रेन सेल, मग जिओटेक्स्टाइलचं कापड, मग हलकी केलेली माती. हे चुकलं तर खालच्या गाड्यांवर पाणी ठिबकतं आणि रेलिंगजवळ लावलेल्या झाडाची मुळं स्लॅबचा सांधा शोधतात. हे काम हौशी माणसाचं नाही, आणि नुसत्या माळ्याचंही नाही. इथं लँडस्केप आर्किटेक्ट लागतो, आणि पुण्यात त्याचं शिक्षण देणारी महाविद्यालयंही आहेत. त्यांची मुलं माझ्याकडे झाडांची यादी घेऊन येतात. यादीत फॉक्सटेल पाम असतो, डुरांटा असतो, सिंहगड रस्त्यावर जपानमधल्या ओकायामाच्या कोराकुएन बागेवरून पुणे-ओकायामा मैत्री बाग झाल्यापासून बांबू आणि गोल दगडही असतात. चांगली मुलं आहेत. फक्त झाड पंधरा वर्षांनी केवढं होतं ते त्यांच्या नकाशातल्या गोलात दिसत नाही, आणि ते मला सांगावं लागतं. 1975 च्या वृक्ष कायद्यामुळे चुकीच्या जागी लावलेलं झाड पुढे सहजी तोडताही येत नाही. परवानगी लागते.

पण परस मेला नाही, गच्चीवर गेला. कोल्हापूरचे श्रीपाद अच्युत दाभोळकर पेशानं गणिताचे शिक्षक. त्यांनी द्राक्षबागायतदारांना घेऊन प्रयोग परिवार उभा केला आणि ज्याचं त्यानं आपल्या जागेवर प्रयोग करून शिकावं हा हेका धरला. घरातला ओला कचरा, पालापाचोळा, ऊन आणि थोडं पाणी यांवर चार-दोन चौरस फुटांत काय उगवतं, याचा हिशेब त्यांनी मांडला. मुंबईत बांद्र्याच्या गच्चीवर आर. टी. दोशींनी पिशव्यांमध्ये उसाच्या चिपाडांवर भाज्या आणि फळं काढून दाखवली. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या स्वयंपाकघराच्या गच्चीवर तिथल्याच भाजीच्या कचऱ्यावर हिरवंगार रान उभं राहिलं. हे वाचून माझी आत्या म्हणाली, यात नवीन काय? नवीन होतं ते एवढंच, की कुणीतरी ते मोजलं, लिहिलं आणि दुसऱ्याला शिकवता येईल असं केलं. न्हाणीमागची केळ शतकानुशतकं हेच करत होती, पण तिची वही कुणी ठेवली नव्हती.

म्हणून गिऱ्हाइकानं विचारलं की मी जागेचे दोन भाग पाडते. उतार, निचरा, स्लॅब, मोठं झाड, विजेचे दिवे, पाण्याची लाइन यांना माणूस लावा आणि पैसे वाचवू नका. कढीलिंब, गवती चहा, मोगरा, तुळस, वेल यांना मात्र कुणाला पैसे देऊ नका, माझ्याकडून रोपही घेऊ नका, शेजारणीकडून फांदी आणा. माझा मुलगा म्हणतो, आई, अशानं नर्सरी चालायची नाही. चालते आहे.

गेल्या साली एका सोसायटीच्या पोडियमवर वेगळाच पेच झाला. नकाशात नैर्ऋत्येच्या कोपऱ्यात पांढरे गोटे आणि तीन युक्का होते. पाण्याच्या टाकीचा ओव्हरफ्लो नेमका तिथं पडायचा. बायकांनी गोटे बाजूला सारून अळू लावला, मग कर्दळ, मग कुणीतरी ओवा. माझ्या माणसांनी नकाशाप्रमाणे ते उपटलं. पुढच्या आठवड्यात अळू परत आला. पुन्हा उपटलं, पुन्हा आला, आणि मग सभेत माझं बिल अडवलं गेलं. सेक्रेटरी नकाशा घेऊन बसले होते, समोर सातआठ जणी आणि एक पेन्शनीतले गृहस्थ, ज्यांनी कुणालाही न सांगता तिथं दोन गुलाब लावले होते. मी म्हटलं, साहेब, पाणी जिथं पडतं तिथं अळू येणारच. यंदाच्या करारात मी एक कलम स्वतः घालून घेतलं: नैर्ऋत्येचा कोपरा आमच्या मेंटेनन्समध्ये नाही. तेवढ्या चौरस फुटांचे पैसे वजा केले. सेक्रेटरींनी सही केली आणि विचारलं, तिथल्या अळूची पानं कमिटीला मिळतील का.